अकरावं पद

"अकरावं पद लिहा, देशकर," ढवळे साहेब म्हणाले. "ग्लासब्लोअर, रसायनशास्त्र विभाग."

माझं पेन थांबलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुलगुरू हुद्दार मॅडम बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून समोरच्या फाइलवर ठेवला.

"निखाडे? आपले मारोती निखाडे?"

"पदाला नाव नसतं, मॅडम. पद ग्लासब्लोअरचं."

"ढवळे, त्या पदावर एकच माणूस आहे आणि तो तळमजल्यावर बसून आत्ता काच वाकवतोय. नाव कसं नसतं?"

फेब्रुवारी २००२. आमच्या विदर्भातल्या या विद्यापीठात मी जनसंपर्क अधिकारी होते. त्याआधी नऊ वर्षं एका दैनिकात काढली होती. सभा विभागाचे अधिकारी निवृत्त झाले, त्यांची जागा भरायला परवानगी मिळाली नाही, म्हणून बैठकांचं इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. कुलसचिव पुंडलिक ढवळे यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "इतिवृत्तात कोण काय बोललं ते येत नाही. काय ठरलं तेवढंच येतं. तुमच्या पेपरातली सवय घरी ठेवून या."

शासनाचं पत्र जानेवारीत आलं होतं. तिजोरीत खडखडाट आहे. विद्यापीठाने अकरा पदं कायमची रद्द करून कळवावं, नाहीतर एप्रिलपासून पगाराचं अनुदान थांबेल. ही अकरा पदं निवडायला चौघांची समिती बसली. अध्यक्ष कुलगुरू, सचिव कुलसचिव, वित्त अधिकारी काझी साहेब आणि प्राध्यापकांच्या वतीने भूगोलाचे सोनकुसरे सर.

आधी मॅडमनी सगळ्या विभागप्रमुखांना पत्र पाठवून विचारलं होतं, तुमच्याकडचं कोणतं पद गेलं तर चालेल? सत्तावीस उत्तरं आली. सत्तावीसही जणांनी शेजारच्या विभागातलं पद सुचवलं होतं. काझी साहेब ती उत्तरं वाचताना इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "मॅडम, असं करू," ते म्हणाले, "सगळ्यांचं ऐकू. विद्यापीठच बंद."

पहिल्या दोन दिवसांत दहा पदं निघाली. नऊ रिकामीच होती, दहाव्या पदावरच्या बाई मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. कुणाच्या ताटाला हात लागला नव्हता. मॅडम खूश होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी घरून तर्रीपोहे आणले होते, आणि पोह्यांचा डबा अजून टेबलावर असतानाच ढवळे साहेबांनी निखाड्यांचं पद काढलं.

निखाडे चोपन्न वर्षांचे होते. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. रसायनशास्त्राच्या तळघरवजा खोलीत त्यांचा बर्नर, काचेच्या नळ्यांचे गठ्ठे आणि एक स्टूल, एवढा त्यांचा संसार. फुटलेला कंडेन्सर, तडकलेला फ्लास्क, संशोधक पोरापोरींनी कागदावर काढलेली कुठलीही वेडीवाकडी नळी, ते ज्योतीवर धरून करून द्यायचे. गाल फुगवून फुंकताना डोळे अर्धे मिटलेले असायचे. बोलायचे कमी, कारण तोंडात बहुतेक वेळ नळी. आणि विद्यापीठातून कुणी निवृत्त झालं, मग तो प्राध्यापक असो की माळी, की निखाडे उरल्यासुरल्या काचेतून त्याच्यासाठी काहीतरी छोटं बनवायचे. माळ्याला काचेची गोगलगाय मिळाली होती. निरोप समारंभात शाल-श्रीफळ कोण देतं याकडे कुणाचं लक्ष नसायचं; सगळे निखाड्यांच्या हातातल्या कापसाच्या पुडीकडे बघायचे.

"पर्याय आहे," मॅडम म्हणाल्या. "माझ्या गाडीचे चालक भोयर पुढच्या महिन्यात निवृत्त होतात. ते पद काढा. मी रिक्षानं येईन."

"ते बारावं," ढवळे साहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"शासन पुढच्या वर्षी पुन्हा मागणार. तेव्हा द्यायला हातात काही पाहिजे ना?"

"म्हणून आज जिवंत माणूस देता?"

सोनकुसरे सर खिडकीबाहेर बघू लागले. काझी साहेब डब्यातले शेंगदाणे वेचत होते, ते थांबले.

"जिवंत माणसाला शासन उपाशी मारत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "वीस वर्षांवर सेवा झालेल्या कर्मचाऱ्याचं पद रद्द झालं तर त्याला दुसऱ्या रिकाम्या पदावर घेता येतं."

"येतं. घेतलंच पाहिजे असं नाही. मागच्या वेळी दोन टंकलेखकांचं काय झालं? दोन वर्षं हेलपाटे." मॅडमचा आवाज चढला होता. "आणि कारण काय तुमचं?"

"काच बाजारात तयार मिळते. ग्लासब्लोअरची गरज उरली नाही."

"कुणी सांगितलं?"

"आपण सांगा. आपण रसायनशास्त्राच्या. गरज होती, याला आधार काय?"

मला तो प्रश्न उद्धट वाटला. कुलगुरूंना कुलसचिव असं विचारत नाही. मॅडमनाही तो लागला. त्या उभ्याच राहिल्या.

"आधार? एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर ते एक्याऐंशी मी या विद्यापीठात पीएचडी केली. माझं सगळं उपकरण या माणसानं बनवलं. जर्मनीहून मागवायचं तर आठ महिने लागले असते, यांनी नऊ दिवसांत करून दिलं. तेव्हापासून आजपर्यंत एकही वर्ष असं नाही की विभागानं यांच्याकडून काम घेतलं नाही. विभागप्रमुख म्हणून सात वर्षं मी स्वतः घेतलंय. आणि विद्यापीठानं नेमलेला हा माणूस तुम्ही गरज नाही म्हणून..."

"विद्यापीठानं नेमलेला," साहेब म्हणाले. "पुढं?"

"पुढं काही नाही. माझा विरोध आहे. लेखी."

"देशकर," साहेब माझ्याकडे वळले, "मॅडमचं म्हणणं शब्दन् शब्द घ्या. वर्षांसकट."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आठ महिन्यांत त्यांनी माझ्या इतिवृत्तांतून "म्हणाले" हा शब्द निदान शंभर वेळा लाल शाईने खोडला होता.

मतं घेतली. काझी साहेबांनी हात वर केला, पण मान खाली ठेवून. सोनकुसरे सरांनी कुलसचिवांच्या बाजूनं मत दिलं. त्यांच्या विभागात नकाशे काढणाऱ्याचं पद होतं आणि ते आज कुणाला आठवू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. तीन विरुद्ध एक. मॅडम पोह्यांचा डबा तिथेच टाकून निघून गेल्या.

पद रद्द झालं की त्या माणसाला स्वतः जाऊन सांगायचं, ही साहेबांची पद्धत. शिपायाबरोबर पत्र पाठवत नसत. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते तळमजल्यावर गेले आणि मला बरोबर घेतलं, कारण पत्र मिळाल्याची सही घ्यायची होती.

निखाड्यांनी बर्नर बारीक केला. पत्र वाचलं. मग पुन्हा वरपासून वाचलं.

"सव्वीस वर्षं फुंकून राहिलो जी इथं," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"काही चुकलं का माझं?"

"नाही."

"मग काहून?"

ढवळे साहेबांनी खिशातून पेन काढून पुढे केलं. "इथं सही. खाली तारीख. आणि दुसऱ्या पदावर समावेशनासाठीचा अर्ज आजच्या आज द्या, उद्यावर टाकू नका. नमुना मी आणलाय."

नमुनाही ते स्वतः टंकलेखन करून घेऊन आले होते. निखाड्यांनी दोन्हींवर सही केली. काळ्या पडलेल्या बोटांचा ठसा कागदाच्या कडेला उमटला. आम्ही निघालो तेव्हा ते परत बर्नरकडे वळले होते, पण ज्योत मोठी करत नव्हते.

जिन्यात मला राहवलं नाही. "साहेब, चालकाचं पद होतं. कुणाचं काही गेलं नसतं. एवढं कोरडं वागायची गरज होती का?"

ते एक पायरी वर थांबले. "इतिवृत्त कधी देता?"

"संध्याकाळी."

"मॅडमचं निवेदन पूर्ण. एक वर्ष गाळलंत तर परत पाठवीन."

"तुम्ही पेपरातल्या सवयीला नावं ठेवता, आणि..."

"देशकर, पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो," ते म्हणाले. "इतिवृत्त उरतं."

मी इतिवृत्त दिलं. तीन वेळा परत आलं. पहिल्यांदा मी मॅडमची वर्षं आकड्यांत लिहिली होती, ती त्यांना अक्षरीही हवी होती. दुसऱ्यांदा "विद्यापीठानं नेमलेला" हे शब्द माझ्याकडून सुटले होते. मला ते बिनमहत्त्वाचे वाटले होते. तिसऱ्यांदा त्यांना निखाड्यांच्या नेमणुकीची तारीख हवी होती. ती त्यांनी स्वतःच समासात लाल शाईने लिहून पाठवली, कुठलीही फाइल न मागवता. व्यवस्थापन परिषदेत ठराव झाला, मार्चअखेर शासनाची मंजुरी आली.

एप्रिलमध्ये मंत्रालयातून तपासणी पथक आलं. विद्यापीठात उरलेलं प्रत्येक पद मूळ मंजुरीशी ताडून बघण्याचं काम त्यांना दिलेलं होतं. ते आठ दिवस राहिले, आठ दिवस आमच्या कॅन्टीनला नावं ठेवली आणि गेले. त्याकडे मी एक बातमी म्हणूनही पाहिलं नाही.

जूनमध्ये निखाड्यांचं समावेशन झालं. पद प्रयोगशाळा सहायकाचं, विभाग रसायनशास्त्र. खोली तीच, स्टूल तेच, बर्नर तोच. फक्त हजेरीच्या वहीतली ओळ बदलली. आम्हाला वाटलं, मॅडमनी वजन वापरलं. मॅडमना वाटलं, काझी साहेबांनी. काझी साहेब म्हणायचे, "अल्लाची मेहरबानी," आणि विषय बदलायचे.

मॅडमनी त्यानंतर, वर्षभरानं मुदत संपून पुण्याला जाईपर्यंत, ढवळे साहेबांबरोबर चहा घेतला नाही. कामापुरतं बोलायच्या. आधी दोघं रोज चार वाजता एकाच टेबलावर बसून शब्दकोडं सोडवायचे. उभे शब्द मॅडमचे, आडवे साहेबांचे. ते बंद झालं. साहेब चार वाजता आपल्या खोलीत एकटे पेपर उघडून बसायचे. मी एकदा फाइल घेऊन गेले तेव्हा पाहिलं, आडवे सगळे भरले होते; उभ्यांची घरं आडव्यांतून आपोआप भरली तेवढीच, बाकी कोरी.

दोन वर्षांनी साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. सगळ्यांनी सवयीनं मागं वळून बघितलं. निखाडे शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. कापसाची पुडी नव्हती. साहेबांनी एकदाच तिकडे पाहिलं, मग घड्याळात पाहिलं आणि आभाराचं भाषण चार वाक्यांत संपवलं.

निखाडे निवृत्त झाले त्याला आणखी दोन वर्षं लागली. त्यांच्या शेवटच्या महिन्यात ते एका दुपारी माझ्या खोलीत आले. हातात झेरॉक्स.

"मॅडम, हे तुमचं अक्षर होय ना?"

माझंच होतं. त्या बैठकीचं इतिवृत्त. वर पेन्शन विभागाची टिप्पणी जोडलेली होती.

"वाचून सांगा जी. तिथला पोरगा म्हणते, काका, तुम्ही तर वाचले बाप्पा. मी म्हटलं, कशातून वाचलो? तर हसते नुसता."

मी टिप्पणी वाचली. मग दार लावून घेतलं आणि पुन्हा वाचली.

शासनानं मंजूर केलेल्या पदांच्या मूळ तक्त्यात ग्लासब्लोअर हे पद कधीच नव्हतं. निखाड्यांची नेमणूक १९७६ साली तीन वर्षांच्या एका संशोधन योजनेत झाली होती. १९७९ला योजना बंद पडली. योजनेतले बाकीचे चौघे घरी गेले. निखाड्यांचं नाव मात्र नियमित कर्मचाऱ्यांच्या यादीत आलं होतं, आणि पुढची तेवीस वर्षं दरवर्षीची यादी मागच्या वर्षीच्या यादीवरून उतरवली गेली. विद्यापीठानं उतरवली, शासनानंही उतरवली. कुणीच मूळ तक्ता उघडून बघितला नाही. नसलेल्या पदावर माणूस रोज येऊन काच फुंकत होता.

टिप्पणीचा शेवट असा होता: सदर पद मूळ मंजुरीत आढळत नाही. तथापि, शासनमान्य ठरावाने ते रद्द होऊन कर्मचाऱ्याचं समावेशन झालं असल्यामुळे, तसंच तत्कालीन कुलगुरूंच्या नोंदलेल्या निवेदनावरून नेमणूक आणि अखंड सेवा सिद्ध होत असल्यामुळे, पूर्ण सेवा निवृत्तिवेतनासाठी ग्राह्य धरावी.

मी डोक्यात एप्रिलचं ते पथक पुन्हा बोलावलं. त्यांनी उरलेली पदं तपासली होती. रद्द झालेली तपासायचं कारणच नव्हतं. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे चालकाचं पद गेलं असतं आणि निखाडे यादीत राहिले असते, तर आठ दिवसांत सापडले असते. नोकरी गेली असती, पेन्शन गेली असती, तेवीस वर्षांचा पगार परत मागणारी नोटीस आली असती ती वेगळीच.

मी हे निखाड्यांना समजावून सांगितलं. 

"म्हणजे मला काढलं म्हणून मी राहिलो?"

"होय."

"आणि हे ढवळे साहेबांना ठाऊक होतं?"

समासातली ती लाल तारीख मला आठवली. फाइल न मागवता लिहिलेली.

मी हुद्दार मॅडमना पुण्याला फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "त्या माणसानं मला चिडवून साक्ष काढून घेतली. आणि मी वर्षभर त्याच्याशी चहा प्यायले नाही." मग विचारलं, "शब्दकोडी सोडवतो का गं अजून?"

पुढच्या रविवारी सकाळी मी आणि निखाडे ढवळे साहेबांच्या घरी गेलो. ते व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून नगरपालिकेच्या पाणीपट्टीच्या बिलावर लाल शाईने काहीतरी खुणा करत होते. आम्हाला बघून त्यांनी बिल उलटं ठेवलं.

"देशकर. आणि तुम्ही. बसा."

मी झेरॉक्स पुढे केली. त्यांनी टिप्पणी वाचली, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि परत दिली.

"बरोबर लिहिलंय पोरानं."

"साहेब, तेव्हाच सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"कुणाला? मॅडमना सांगितलं असतं तर त्या चिडल्या नसत्या. त्या चिडल्याशिवाय इतकं नेमकं बोलत नाहीत. आणि कुलगुरूंना माहीत असताना सही करायला लावणं बरं नाही. जे होईल ते एकाच माणसावर राहिलेलं बरं."

"तुम्हाला कसं माहीत होतं, यांचं पद नाही ते?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"एकोणऐंशीची यादी मी लिहिली होती. आस्थापना विभागात कनिष्ठ लिपिक होतो. योजना बंद, पाच जणांना कमी करायचं, म्हणून नाव-हुद्दा तपासायला प्रत्येकाकडे गेलो. यांच्या खोलीत गेलो तेव्हा यांच्या तोंडात नळी होती. बोलता येत नव्हतं यांना, तर मी उभा राहिलो. तासभर तरी उभा असेन." ते निखाड्यांकडे न बघता सांगत होते. "मग टेबलावर जाऊन यादी लिहिली. नजरचूक झाली. चार नावं एका कागदावर गेली, एक दुसऱ्या."

जवळजवळ तीन वर्षं मी या माणसाच्या नजरेखाली काम केलं होतं. टिंब सुटलं तरी कागद परत यायचा.

"नजरचूक," मी म्हटलं.

"नजरचूकच. दुसरं काय असणार?"

आतून काकूंनी चहा आणला. निखाड्यांनी शर्टाच्या आतून एक पुडी काढली. कापूस बाजूला केला. आत शाईची दौत होती. पातळ काचेची, पोटाशी गोल, गळ्याशी निमुळती, आणि काचेत आतून एक लाल रेघ वरपासून खालपर्यंत फिरत गेलेली.

"दोन वर्षं उशीर झाला," निखाडे म्हणाले.

साहेबांनी दौत दोन्ही हातांत घेतली. उन्हाकडे धरली. फिरवली. लाल रेघेचा पट्टा त्यांच्या पांढऱ्या बनियनवरून सरकत गेला. त्यांनी ती टेबलावर ठेवली, खाली वाकून डोळा टेबलाच्या पातळीला आणला आणि बघत राहिले.

"बूड जरा वाकडं आहे," ते म्हणाले.

"मुद्दाम ठेवलं जी," निखाडे म्हणाले. "तुम्ही काही तरी काढणारच होते. म्हटलं, शोधत बसायला नको."

साहेब वाकलेलेच राहिले. मग तसंच, मान न उचलता, त्यांनी पाणीपट्टीच्या बिलाची चौकोनी घडी घातली आणि दौतीच्या वाकड्या बाजूखाली सरकवली.